मुंबईला जाल तेव्हा एक खेळ पाहून या



आपल्यापैकी बहुतेकांची मुंबई ही कामाची मुंबई असते. कोणी लेकीच्या बाळंतपणाला जातो, कोणी मंत्रालयात अडकलेल्या कागदासाठी जातो, कोणी झेंडूच्या गाडीबरोबर दादरला उतरतो, तर कोणी घरचे आजारी माणूस घेऊन परळच्या इस्पितळात जातो. काम झाले की मिळेल ती गाडी धरून आपण परत निघतो. वेळ उरलाच तर चौपाटी, राणीची बाग आणि गेटवे ऑफ इंडिया एवढे पाहून होते. मुले भेळ खातात, समुद्रात पाय भिजवतात आणि मुंबई पाहिली असे आपण गावात सांगतो.

परंतु मुंबईतील एक गोष्ट आपण सहसा न पाहताच परततो. आणि गंमत अशी की, ती गोष्ट तेथे आपल्याच माणसांनी उभी केली आहे. ती म्हणजे मुंबईचे नाटक, तमाशा आणि गाणे.

मी शेतकी खात्यातला माणूस. तीस वर्षे बियाणे, खते, कीड आणि पाणी यांवर बोलत आलो. तेव्हा नाटक-तमाशाबद्दल हा काय सांगणार, असे तुमच्या मनात येईल. पण बियाण्याच्या कामात एक गोष्ट पक्की कळते. बियाणे कितीही उत्तम असले तरी ते नुसते कणगीत ठेवून टिकत नाही. वर्षागणिक त्याची उगवणशक्ती कमी होते. जात राखायची असेल तर ती पुन्हा पुन्हा पेरावी लागते. समोरासमोर होणाऱ्या खेळाचेही तसेच आहे. सिनेमा डब्यात राहतो, गाणे मोबाईलमध्ये राहते. नाटक, तमाशा, भजनाची बारी मात्र दर वेळी नव्याने पेरावी लागते आणि तिची जमीन म्हणजे समोर बसलेला माणूस. ही जमीन पडीक राहिली तर काय होते, ते मुंबईच्या लालबाग-परळात पाहावयास मिळते. ते पुढे सांगतो. आधी ही कला मुंबईला पोहोचली कशी, ते पाहू.

आपल्या शिवारातून गेलेली कला

मराठी नाटकाचा जन्म मुंबईत झालेला नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीला ‘सीता स्वयंवर’ हा खेळ केला, तेथून मराठी नाटकाची गणना होते. पुढे दहा वर्षांनी, १८५३ साली, भाव्यांची मंडळी मुंबईला गेली आणि ग्रँट रोडच्या नाटकगृहात तिने तिकीट लावून खेळ केले.

कृष्णेच्या काठी नागठाणे नावाचे गाव आहे. ज्यांना सारा महाराष्ट्र बालगंधर्व म्हणून ओळखतो, ते नारायण श्रीपाद राजहंस या गावचे. त्याच भागातल्या वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष हे गाव आहे. तेथील श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी गावकी सोडून तमाशात गेले, पठ्ठे बापूराव झाले आणि त्यांच्या फडाने मुंबई गाजवली. त्याच वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे. तेथे १९२० साली जन्मलेल्या अण्णाभाऊ साठे यांनी लहानपणी वडिलांबरोबर पायी चालत मुंबई गाठली. १९४४ साली त्यांनी, अमर शेख यांनी आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले. वाईजवळच्या पसरणी गावचे कृष्णराव साबळे मुंबईत शाहीर साबळे झाले. त्यांच्या ‘महाराष्ट्राची लोकधारा’ने वासुदेव, गोंधळी, कोळी, धनगर असे सारे मुंबईच्या रंगमंचावर आणून उभे केले.

ही माणसे ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने आपल्या घरातली हजारो माणसेही गेली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या. घाटावरून आणि कोकणातून लोक कामाला गेले. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा आणि सावकाराचे देणे डोक्यावर. म्हणून थोरला गिरणीत आणि धाकटा शेतात अशी वाटणी घरोघर झाली. थोरल्याची मनीऑर्डर आली की बैल घेतला जाई, बहिणीचे लग्न निघे. तो तिकडे एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर राही, खानावळीत जेवे आणि पाळी संपली की गावच्या आठवणीने अस्वस्थ होई. त्याला गावचा तमाशा हवा होता, भजन हवे होते, दशावतार हवा होता. त्याच्या खिशातल्या चार आण्यांवर लालबाग-परळची नाटकगृहे आणि तमाशाची थिएटरे चालली. तेव्हा मुंबईच्या रंगभूमीच्या पायात आपल्या घरचाही दगड आहे, हे लक्षात ठेवून तेथे जा. परक्याच्या दारात गेल्यासारखे वाटणार नाही.

गिरगाव : जुने वाडे, जुने सूर

पश्चिम रेल्वेच्या चर्नी रोड स्टेशनवर उतरा. एका बाजूला चौपाटी आणि दुसऱ्या बाजूला गिरगाव. चौपाटी सारेच पाहतात, तुम्ही थोडे गिरगावातही चाला. केशवजी नाईकांची चाळ येथेच आहे. मुंबईतला सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली येथे सुरू झाला. त्या काळच्या गणेशोत्सवात मेळे असत. मुले-माणसे पदे म्हणत, संवाद करीत. पुढे रंगभूमीवर नावारूपाला आलेल्या अनेकांचे पहिले धडे अशा उत्सवातच झाले. आजही गुढीपाडव्याला गिरगावात शोभायात्रा निघते, तेव्हा ढोल-ताशांनी गल्ल्या दणाणून जातात. त्याला तिकीट नाही, कोणीही उभे राहून ऐकावे.

तेथूनच जवळ केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह आहे. संघ स्थापन झाला १९३५ साली आणि नाट्यगृह उभे राहिले १९६४ साली. ज्या डॉ. अमृत नारायण भालेरावांनी संघासाठी आयुष्य वेचले, त्यांचे नाव या नाट्यगृहाला दिले आहे. बाहेरून पाहिले तर साधी इमारत. पण संगीत नाटकाची परंपरा जपणाऱ्या कितीतरी मंडळींचे ते माहेरघर.

गिरगावच्याच टोकाला रॉयल ऑपेरा हाऊस आहे. इंग्रज बादशहा पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईला आला, तेव्हा त्याच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साहेबांच्या ऑपेरासाठी बांधलेल्या या वास्तूत पुढे नाटके झाली, मग सिनेमे लागले आणि १९९३ साली ती बंद पडली. मालक गोंडलचे राजघराणे. त्यांनी दुरुस्तीचे मोठे काम हाती घेतले आणि २०१६ साली दारे पुन्हा उघडली. आता तेथे गाण्याचे आणि नाटकाचे कार्यक्रम होतात. तेवीस वर्षे बंद असलेले घर पुन्हा उघडते, हे पाहून मन प्रसन्न होते.

याच ऑपेरा हाऊसच्या परिसरात प्रा. बी. आर. देवधर यांनी १९२५ साली संगीताचा वर्ग सुरू केला. कर्नाटकातून आलेला एक लहान मुलगा तेथे शिकला. तोच पुढे कुमार गंधर्व म्हणून देशभर ऐकला गेला. गिरगावातल्या वाड्यांतून आणि लहान दालनांतून थोरामोठ्यांच्या गाण्याच्या बैठका होत. ऐकणाऱ्यांत कारकून असत, मास्तर असत, दुकानदार असत. शास्त्रीय गाणे आपल्याला कळणार नाही, या भीतीने आपण दूर राहतो. अहो, पहाटे मोटेवर गाणारा माणूस काय शास्त्र शिकला होता? सूर खरा लागला की कान ओळखतो. बाकीचे हळूहळू कळते.

मुंबईच्या नाटकवेडाची एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. ८ जुलै १९२१ रोजी बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झाले. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या तोडीस तोड असलेल्या दोन मंडळ्या. त्यांतले बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे तीनच महिन्यांनी केशवराव वारले. त्या रात्री जे हजर होते त्यांनीच तो खेळ पाहिला, बाकीच्यांनी नुसता ऐकला. समोर होणाऱ्या खेळाचे मोल ते हेच.

दादर : फुलांची पहाट, नाटकाची दुपार

गिरगावातून लोकलने दादरला या. दादर तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, पण ते स्टेशनजवळच्या फुलबाजारापुरते. पहाटे अंधारातच झेंडू, शेवंती आणि गुलछडीच्या गोण्या उतरतात. सकाळ वर येईपर्यंत सौदे होऊन जातात. मग दिवसभर काय करायचे? कोणी स्टेशनवर बसतो, कोणी गाडीतच झोपतो. त्या बाजारापासून पायी थोड्याच अंतरावर, प्लाझा सिनेमासमोरच्या बाजूला, शिवाजी मंदिर नाट्यगृह आहे. १९६५ साली ते उभे राहिले आणि तेव्हापासून मराठी व्यावसायिक नाटकाचा तो मोठा अड्डा झाला.

सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन नुसते उभे राहिले तरी शिकण्यासारखे असते. एकाच रंगमंचावर सकाळी एक नाटक, दुपारी दुसरे आणि रात्री तिसरे. एक खेळ संपला की त्याच्या भिंती, दारे आणि जिने सुटे करून ट्रकमध्ये चढतात आणि दुसऱ्याचे सामान उतरते. तास-दीड तासात बंगल्याच्या जागी चाळ उभी राहते. दिवे लावणारा, पडदा ओढणारा, कपडे सांभाळणारा, रंगभूषा करणारा अशी ही पडद्यामागची माणसे. खळ्यावर मळणी चालू असताना प्रत्येकाला आपले काम जसे न सांगता ठाऊक असते, तसेच येथे असते. मुलांना हे अवश्य दाखवा. चार नट पुढे दिसतात, त्यांच्यामागे किती हात असतात हे त्यांना कळू द्या.

काही वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातील महिला शेतकऱ्यांची अभ्यास सहल मुंबईच्या बाजारपेठा पाहण्यासाठी गेली होती. बाजार पाहून झाले. रविवारची दुपार मोकळी होती. कोणी म्हणाले महालक्ष्मी, कोणी म्हणाले चौपाटी. शेवटी सर्वांनी वर्गणी काढून बाल्कनीची तिकिटे घेतली आणि चारच्या खेळाला शिवाजी मंदिरात जाऊन बसलो. विनोदी नाटक होते. सासू-सुनेच्या एका प्रसंगाला आमच्या रांगेतून असा काही हशा उठला की, रंगमंचावरची नटी क्षणभर थांबली. तिने बाल्कनीकडे पाहिले, हशा ओसरू दिला आणि मग पुढचे वाक्य टाकले. बाहेर आल्यावर एक मावशी म्हणाल्या, “साहेब, टीव्हीतली बाई आपल्याकडं कधी बघत न्हाई. हिनं बघितलं.” मावशींचे हे एवढेसे बोलणे मला एखाद्या पुस्तकाच्या तोडीचे वाटले.

आपली बोली शहरात चालणार नाही, असे वाटून आपली पोरे मुंबईत गेली की बोलणे बदलतात. त्यांना ‘वस्त्रहरण’ची गोष्ट सांगा. गंगाराम गवाणकरांनी लिहिलेले आणि मच्छिंद्र कांबळी यांनी गाजवलेले हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले. कोकणातल्या एका गावातले लोक द्रौपदी वस्त्रहरणाचे नाटक बसवतात आणि त्यात जो गोंधळ उडतो तो सारा अस्सल मालवणीत. शहरी माणसाला ही बोली कशी कळणार, अशी शंका घेणारे होतेच. त्या नाटकाचे पाच हजारांहून अधिक प्रयोग झाले. गावच्या बोलीला शहराने दिलेला हा कौल आहे.

दादरला छबिलदास शाळा आहे. १९७४ सालापासून जवळजवळ अठरा वर्षे त्या शाळेच्या सभागृहात ‘आविष्कार’ या संस्थेने प्रायोगिक नाटके केली. अरविंद आणि सुलभा देशपांडे हे तिचे आधारस्तंभ. मोठे नेपथ्य नाही, झगमगाट नाही, थोड्या खुर्च्या आणि थोडे दिवे. आपल्या मराठी शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहातही तसे नाटक होऊ शकते, एवढे त्यावरून शिकावे. प्रभादेवीला सिद्धिविनायकाच्या दर्शनाला तर आपण जातोच. त्या देवळापासून जवळच रवींद्र नाट्य मंदिर आहे. माटुंग्याला नाट्य परिषदेचे यशवंत नाट्य मंदिर आहे. दर्शन झाल्यावर तेथील फलकावर नजर टाकायला वेळ लागत नाही.

परळ-लालबाग : जमीन पडीक पडली तर

आता परळ आणि लालबाग. यालाच गिरणगाव म्हणत. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग ही संस्था काढली. तिचे परळचे दामोदर नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या करमणुकीचे ठिकाण होते. दिवसा साच्यावर उभा राहणारा माणूस रात्री तेथे राजा होई, राक्षस होई किंवा साडी नेसून राणी होई. पुढच्या काळात कोकणातली नमने, शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या आणि दशावतार यांचे ते मुंबईतले हक्काचे घर झाले. गावाहून मंडळे गाडी करून येत आणि मुंबईतले चाकरमानी गावाला गेल्याच्या आनंदाने तेथे गर्दी करीत. नोव्हेंबर २०२३ मध्ये पुनर्बांधणीसाठी हे नाट्यगृह बंद झाले, तेव्हा कलावंतांनी आवाज उठवला. त्यांचे म्हणणे एवढेच की, नवे घर बांधताना जुन्या घरातला रंगमंच हरवू नये.

लालबागला हनुमान थिएटर होते. तमाशाचे नामांकित फड तेथे खेळ करीत. गावच्या जत्रेत पाहिलेला फड मुंबईत आला आहे असे कळले की, गिरणीतली मंडळी पाळी संपवून थेट तेथे जात. ढोलकीवर थाप पडली की दिवसभराचा शीण उतरे.

मग १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबत गेला आणि कित्येक गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. कोणी गावी परतून आपल्या दीड-दोन एकरांत राबू लागला, कोणी वॉचमन झाला, कोणी भाजीची गाडी लावली. तुमच्या गावातही असा एखादा आजोबा असेल, त्यांना विचारून पाहा. गिरणी गेली, तसा तिकिटाच्या खिडकीपुढचा माणूसही गेला. घरोघर टीव्ही आला तो वेगळाच. नव्वदच्या दशकात हनुमान थिएटर बंद झाले. कला वाईट होती म्हणून ते बंद झाले नाही. कलावंत संपले म्हणूनही नाही. समोर बसणारा माणूस उठून गेला म्हणून बंद झाले. पडीक जमिनीची गोष्ट मी म्हटली ती ही.

तरीही लालबाग मुके झालेले नाही. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० पासून बसतो, गणेश गल्लीचा गणपती १९२८ पासून आणि लालबागचा राजा १९३४ पासून. गणपती आणताना आणि बोळवताना ढोल-ताशे आणि बेंजोची पथके असा काही ठेका धरतात की, म्हाताऱ्यालाही पाय आवरत नाहीत. मात्र लहान मुलांना आणि वृद्धांना घेऊन त्या गर्दीत शिरू नका. बाजूला उभे राहून ऐका. एरव्ही गेलात तर लालबागच्या मसाल्याच्या बाजारात मिरच्यांचे ढीग पाहा. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी अशी प्रतवारी कशी करतात आणि भाव कशावर ठरतो, हे मिरची पिकवणाऱ्याने डोळ्यांनी पाहण्यासारखे आहे.

घरचे माणूस आजारी असताना

एका नाजूक गोष्टीबद्दल बोलतो. आपल्यापैकी कित्येकांना परळ माहीत आहे ते केईएम आणि टाटा या इस्पितळांमुळे. आजारी माणसाबरोबर महिना-महिना तेथे काढावा लागतो. धर्मशाळेत पथारी, डबा आणि औषधाच्या रांगा. अशा वेळी नाटक पाहणे म्हणजे पाप, असे आपल्याला वाटते. लोक काय म्हणतील, हेही मनात येते.

माझ्या ओळखीचा एक तरुण शेतकरी आईच्या उपचारासाठी परळला दोन महिने होता. दिवसेंदिवस तो वाळत चालला. शेवटी आईनेच त्याला एका संध्याकाळी बाहेर पिटाळले. “आज थोरला आलाय माझ्यापाशी. तू कुठंतरी जाऊन ये, तुझं तोंड बघवत नाही मला,” असे ती म्हणाली. दामोदर तेव्हा चालू होते. तेथे शक्ती-तुऱ्याची बारी होती. हा घाटावरचा, त्याला त्यातले काही माहीत नव्हते. एक शाहीर पुराणातला प्रश्न टाकतो, दुसरा गाण्यातच त्याचे उत्तर देतो आणि उलटा प्रश्न करतो, हे त्याने प्रथमच पाहिले. दुसऱ्या दिवशी आईने विचारले, “काय पाहिलंस?” तो सांगू लागला. सवाल काय, जबाब काय, कोण हरले, कोण जिंकले. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकू लागली, मग पलीकडची. त्या दिवशी त्या खोलीत औषधाखेरीज दुसरे काहीतरी बोलले गेले. त्याची आई पुढे दीड वर्ष जगली. शेवटपर्यंत ती मधूनच म्हणे, “तो सवाल काय होता रे?”

आजारपणात खर्च जपून करावा, हे खरेच. पण सेवा करणाऱ्याने तीन तास मन मोकळे केले, तर त्याने आजाऱ्याचे काही हिरावून घेतले असे होत नाही. दुसरे माणूस जवळ असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर जरूर जावे आणि परत येऊन गोष्ट सांगावी.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना

पहिली गोष्ट वेळेची. व्यावसायिक नाटकांचे खेळ बहुतेक शनिवारी, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी असतात. दुपारचा खेळ साधारण चारच्या सुमारास, रात्रीचा आठच्या आसपास. गावी परतायचे असेल तर दुपारचा खेळ सोयीचा. रविवारी दुरुस्तीसाठी लोकलचा मेगाब्लॉक असतो, तेव्हा तास-अर्धा तास हाताशी ठेवून निघा.

दुसरी गोष्ट तिकिटाची. मुंबईच्या मराठी दैनिकांत नाटकांच्या जाहिराती येतात, त्यांत नाट्यगृह आणि वेळ दिलेली असते. मोबाईलवरही तिकीट काढता येते. पण आपल्याला सोपे म्हणजे नाट्यगृहाच्या खिडकीवर जाणे. पुढच्या रांगांचे दर जास्त आणि बाल्कनीचे कमी. बाल्कनीतून आवाज आणि चेहरे नीट येतात, तेथे बसण्यात कमीपणा नाही. नाट्यगृहे अधूनमधून दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून आधी फोन करून विचारा. खर्चाचे म्हणाल, तर घरच्या चार माणसांची बाल्कनीची तिकिटे बागेच्या एका फवारणीपेक्षा महाग पडत नाहीत.

तिसरी गोष्ट निवडीची. मुले बरोबर असतील तर बालनाट्य पाहा, मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत ती पुष्कळ असतात. म्हातारी माणसे असतील तर संगीत नाटक किंवा अभंगांचा कार्यक्रम. पोट धरून हसायचे असेल तर विनोदी नाटक. गाण्याच्या बैठका थंडीच्या दिवसांत जास्त होतात. खरिपाची काढणी आटोपून रब्बीची पेरणी झालेली असते, तोच काळ आपल्यालाही सवडीचा.

चौथी गोष्ट बसण्याची. तिसरी घंटा झाली की पडदा वर जातो, त्याआधी जागेवर बसा. मोबाईल बंद करा, नुसता मुका करू नका, कारण त्याचा उजेडही नटाला दिसतो. तान्हे मूल रडू लागले तर घटकाभर बाहेर घेऊन जा, कोणी रागावत नाही. मध्यंतरात चहा आणि बटाटेवडा मिळतो. शिवाजी मंदिरचा वडा तर नाटकाइतकाच प्रसिद्ध आहे. हसू आले तर मोकळेपणाने हसा, आवडले तर टाळ्या वाजवा. तुमचा हशा आणि टाळी हा त्या खेळाचा भाग आहे.

मुंबईत पाहिलेले गावात पेरा

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मुंबईचे नाटक पाहून या म्हणजे गावचे विसरा, असे मी म्हणत नाही. उलट म्हणतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या झाडीपट्टीत धानाची कापणी झाली की गावोगाव रात्रभर नाटके होतात. वडसा येथे त्या मंडळ्यांचे मोठे केंद्र आहे. शेतकरी कुटुंबे कडाक्याच्या थंडीत घोंगड्या पांघरून, तिकीट काढून बसतात आणि म्हणून ती रंगभूमी आजही आपल्या पायांवर उभी आहे. चैत्रातल्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरविण्यासाठी नारायणगावला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. त्या फडांना सुपारी देणारी आपलीच गावे आहेत. सुपारी देताना घासाघीस करू नका, ठरलेला पैसा खेळाच्या रात्रीच द्या आणि कलावंत बायांना घरच्या लेकीबाळींसारखे वागवा.

गिरणगावातली जमीन पडीक पडली ती आपल्या हाताबाहेरच्या कारणांनी. गावातली जमीन मात्र आपल्या हातात आहे. पुढच्या खेपेला मुंबईला जाल तेव्हा पिशवीत औषधाच्या चिठ्ठीबरोबर किंवा मालाच्या पट्टीबरोबर नाटकाचे एक तिकीटही ठेवा. घरातल्या ज्या बाईने आजवर नाट्यगृहाची पायरी चढलेली नाही, तिला आधी न्या. आणि परत आल्यावर पाहिलेली गोष्ट पारावर, ओट्यावर, चुलीपाशी सांगा. ऐकणाऱ्यांतले एखादे पोर शाळेच्या स्नेहसंमेलनात उभे राहील. नव्या पेरणीला तेवढे बी पुरते.